रोयणीची माती, लॉनवरची अळमी : एका टोपलीचा प्रकरण अभ्यास

रविवारी दुपारी पावणेचारला फोन आला. "सर, घरात दोघांना उलट्या होतायत. जेवणात अळमी होती. टोपलीतली थोडी शिल्लक आहेत, फोटो पाठवलाय. बघता जरा?" अळमी म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्या, अळिंबी.

जुलैचा दुसरा आठवडा. पुनर्वसूचा पाऊस चालू होता, आमच्याकडे त्याला तरणा पाऊस म्हणतात. गाव सावंतवाडी तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो तरी गावच्या दृष्टीने शिकवणं थांबलेलं नाही. सापाची कात, अनोळखी शेंग, केळीवरची कीड, काहीही सापडलं की ते माझ्या पडवीत येतं. मिरगापासून चतुर्थीपर्यंत अळमी येतात. या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. बाकी जे घडलं ते, आणि त्यात माझ्या हातून जे चुकलं तेही, खाली लिहितो.

चुकीपासूनच सुरुवात करतो. फोटो उघडला. वेताची टोपली, वर पाच-सहा छत्र्या, राखाडी पांढऱ्या, मधोमध तपकिरी अणकुचीदार टोक. मी फोनवर पटकन म्हणून गेलो, "ही तर रोयणीचीच दिसतात." रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ, आणि त्यावरची अळमी खाण्याची. पलीकडच्याला हायसं वाटल्याचं आवाजावरून कळलं. पुढच्याच वाक्यात मी डॉक्टरकडे जायला सांगितलं हे खरं, पण "रोयणीचीच" हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. त्या एका शब्दाने ते कुटुंब आणखी वीस मिनिटं घरात बसलं. उलटीची गोळी, लिंबूपाणी, ओवा असले उपचार झाले. मग सुनेचा निरोप आला. "सर, टोपलीत दोन ठिकाणची अळमी आहेत. वरची काजूच्या बागेतली. खालची दारातली."

फोटोत फक्त वरचा थर होता.

दारातली म्हणजे कुठली, हे समजायला त्या घराचा थोडा इतिहास लागतो. घर काकींचं. वय सत्तरीच्या पुढे, नवरा गेल्यावर बाग एकटीने सांभाळलेली बाई. थोरला मुलगा मुंबईला नोकरीत. त्याने तीन वर्षांपूर्वी जुनं कौलारू घर ठेवून बाजूला नवा बंगला बांधला. बंगल्याच्या जागेच्या कडेला एक रोयण होती, छातीभर उंच. आमच्या भागात रोयण म्हणजे नुसता मातीचा ढीग नसतो. सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते आणि तिची देवळं या पट्ट्यात गावोगाव आहेत. घरामागची प्रत्येक रोयण काही देवी नसते, पण तिला हात लावताना माणूस कचरतो. काकींनी नको म्हटलं होतं. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे द्यायचे होते, त्यामुळे चर्चा फार लांबली नाही. रोयण सपाट झाली. तिची तांबडी, बारीक, चाळून घेतल्यासारखी माती मुलाला आवडली. तीच समोरच्या अंगणात पसरली, वर दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं आणि लॉन लावलं.

त्या जुन्या रोयणीवर दर पावसाळ्यात अळमी यायची. काकी लग्न होऊन आल्यापासून काढत होत्या. लॉन लावल्यानंतरचे दोन पावसाळे काहीच उगवलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात, त्या रविवारी सकाळी, लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या, जवळजवळ गोलात. काकी आदल्याच तासाभरात काजूच्या बागेतल्या दुसऱ्या रोयणीवरून सात-आठ अळमी घेऊन आल्या होत्या. दारातली बघून त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. तीन वर्षं रुसलेलं काहीतरी परत आलं होतं.

मी नंतर त्यांना विचारलं, शंका नाही आली? त्यांचं उत्तर मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं. "माती रोयणीचीच मा? मगे अळमी दुसऱ्याची कशी येतली?"

हा तर्क चुकीचा ठरला, पण तो भोळा नाही. या प्रकरणाचं सगळं मर्म त्याच वाक्यात आहे, म्हणून त्याकडे परत येणार आहे.

ताटात काय होतं

जेवण सव्वाला झालं. काकींनी दोन्ही ठिकाणची अळमी एकत्र चिरून, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून रस्सा केला. तो बराच वेळ रटरटला. मुलाने लॉनवरच्या दोन मोठ्या छत्र्या बाजूला काढून, मुंबईच्या सवयीप्रमाणे, तव्यावर तूप-मिरी घालून मिनिटभर परतल्या. त्या मुख्यतः त्याने आणि नऊ वर्षांच्या मुलाने खाल्ल्या. चौदा वर्षांच्या मुलीला अळमीचा बुळबुळीतपणा आवडत नाही, तिने भाताबरोबर नुसता रस्सा घेतला. काकींनी रस्सा आणि फोडी दोन्ही खाल्ल्या. सुनेची संकष्टी होती, तिने काहीच खाल्लं नाही. पुढे या घरातली सगळी उपयोगी माहिती तिच्याकडूनच मिळाली, कारण शुद्धीत आणि उभी अशी तीच होती.

तीन वाजता मुलाला पहिली उलटी झाली. साडेतीनला त्याच्या वडिलांना. माझ्याशी बोलणं झाल्यानंतर काकींना पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. मुलीला फक्त मळमळ. पाच वाजता सगळे ग्रामीण रुग्णालयात पोचले.

तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. कोणती अळमी, असं त्यांनी विचारलंच नाही. "किती वाजता जेवलात आणि पहिली उलटी किती वाजता?" एवढंच विचारलं. पावणेदोन तास, हे उत्तर त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

अळमीच्या विषबाधेत घड्याळ हा मोठा साक्षीदार असतो. जेवणानंतर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुतेक वेळा विष पोटापुरतं, आतड्यापुरतं असतं. माणूस हैराण होतो, अंगातलं पाणी जातं, लहान मुलाला आणि म्हाताऱ्याला त्यातच धोका असतो, पण सलाइनवर तो सावरतो. खरी भीती उशिरा लागणाऱ्या विषाची. अमानिटा कुळातल्या काही जातींमध्ये, आणि लेपिओटा नावाच्या छोट्या छत्र्यांपैकी काहींमध्येही, अमाटॉक्सिन नावाची विषं असतात. ती शिजवून जात नाहीत, वाळवून जात नाहीत. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग जोरदार जुलाब. मग एखादा दिवस चक्क बरं वाटतं, माणूस घरी जातो. आणि त्या काळात आत यकृत निकामी होत असतं, कारण पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी लागणारा जनुकीय संदेश तयार करण्याचं कामच हे विष बंद पाडतं.

तर पावणेदोन तास ही बातमी बरी होती. डॉक्टर बाई तरी निर्धास्त झाल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. टोपली मिश्र होती. लवकर त्रास देणाऱ्या अळमीबरोबर उशिरा मारणारी एखादी चुकून त्याच रश्श्यात गेली असेल, तर पहिल्या उलट्यांनी फसगत होते. दोन तासांचा नियम एकाच जातीच्या जेवणाला लागू पडतो. त्यांनी सलाइन लावलं, चौघांनाही ठेवून घेतलं, यकृताच्या रक्ततपासण्या त्या रात्री, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी करायचं ठरवलं, आणि मला म्हणाल्या, "सर, रात्रीपर्यंत सांगू शकाल का ही काय आहेत ते?"

उकिरडा आणि काचेचा तुकडा

सून आणि मी बंगल्यावर परत आलो तेव्हा उजेड जेमतेम तासाभराचा उरला होता.

टोपलीतली अळमी माझ्या फारशी कामाची नव्हती. सगळी देठं अर्ध्यात कापलेली, धुतलेली, माती काढलेली. स्वयंपाकासाठी हे योग्य, ओळखीसाठी घातक. अळमीची निम्मी ओळख जमिनीत राहते. म्हणून आधी उकिरड्यावर गेलो. तिथे साफसफाईचे तुकडे पडले होते आणि त्यांतच दोन वेगळ्या प्रकारची बुडं सापडली. एक प्रकार खाली निमुळता होत गेलेला, काळपट, दोरीसारखा, तुटलेला. दुसरा खाली गाठ असलेला, लहान कांद्याएवढा फुगीर, खाली काहीही नाही.

मग काजूच्या बागेत गेलो. रोयणीच्या पायथ्याशी एक अळमी काकींच्या नजरेतून सुटलेली होती. तिच्याभोवतीची माती खुरप्याने हळूहळू उकरली. देठ जमिनीखाली संपेचना. हातभर खाली गेलो तरी ते मुळासारखं शेपूट पुढे चाललंच होतं. खरं मूळ नव्हे ते, देठाचंच लांबलेलं टोक. ते खाली वाळवीच्या बुरशीच्या बागेपर्यंत पोचतं. छत्रीचं टोक बोटाला टोचत होतं, खालचे पापुद्रे दाट आणि किंचित गुलाबीकडे झुकणारे. टर्मिटोमायसिस. आमच्याकडची रोयणीची अळमी, विदर्भात ज्यांना सात्या म्हणतात त्यांचं कूळ. या कुळाला हे नाव फ्रेंच कवकतज्ज्ञ रोजे एम (Roger Heim) यांनी १९४२ मध्ये दिलं.

लॉनवर सात छत्र्या अजून उभ्या होत्या. मोठीचा व्यास माझ्या वितीपेक्षा जास्त. पांढऱ्या पृष्ठभागावर तपकिरी खवले, मधोमध तोच रंग अखंड. लांबून बघितलं तर कुणीही फसावं. पण मधला भाग बोटाने दाबला तर मऊ. टोचणारं टोक नाही. देठावर जाडसर अंगठी, आणि ती अंगठी बोटाने वरखाली सरकत होती, सैल बांगडीसारखी. एक छत्री बुडासकट उपटली. सहज निघाली. खाली गाठ आणि तिला चिकटलेले शेणखताचे कण. शेपूट नाही.

जुन्या, कडा वर वळलेल्या एका छत्रीचे पापुद्रे खालून बघितले तर ते मळकट हिरवे होते. तरुण छत्र्यांचे पापुद्रे मात्र स्वच्छ पांढरे. काकींनी तरुण तेवढीच खुडली होती. कोवळी अळमी चवीला चांगली, असं कुठलीही जाणती बाई करते. ओळखीची खूण ज्या वयात दिसायला लागते त्याच्या आधीच ती टोपलीत गेली होती.

रात्री बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या अळमीच्या बारीक बियांचा, ठसा घेतला. पद्धत सोपी आहे. देठ कापून छत्री पापुद्रे खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची, आठ-दहा तास थांबायचं. पुस्तकांत कागदावर ठेवा असं लिहिलेलं असतं. कोकणातल्या जुलैत कागद रात्रभरात लगदा होतो. मी जुन्या फोटोफ्रेमची काच वापरतो. ठसा उमटला की काच आधी पांढऱ्या, मग काळ्या कागदावर धरून बघता येते. पहाटे पाचला वाट्या उचलल्या. काजूच्या बागेतल्या अळमीचा ठसा फिकट गुलाबी. लॉनवरच्या अळमीचा हिरवा, वाळलेल्या शेवाळासारखा.

हिरवा ठसा देणाऱ्या मोठ्या अळमी फारच थोड्या. हे सगळं एकत्र धरलं की नाव एकच उरतं, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, पोटापुरतं विष असलेली अळमी. मी डॉक्टर बाईंना कळवलं, आणि हेही सांगितलं की लॉनवर मला दुसरी कुठली जात आढळली नाही, पण शिजून गेलेल्या फोडींबद्दल मी शपथ घेऊ शकत नाही. तपासण्या ठरल्याप्रमाणेच चालू राहिल्या. तिन्ही दिवस यकृत ठीक निघालं. मुलगी दुसऱ्या दिवशी, बाकीचे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. काकींना अशक्तपणा आठवडाभर पुरला.

सगळ्यांत जास्त त्रास तव्यावरची अळमी खाणाऱ्या दोघांना का झाला? या जातीत आढळलेलं एक विषारी प्रथिन उष्णतेने निकामी होतं, हे माहीत आहे. रस्सा बराच वेळ उकळला, तवा मिनिटभर. असं असू शकेल. पण त्यांनी खाल्लंही जास्त होतं आणि त्यांतला एक नऊ वर्षांचा होता, तेव्हा चार माणसांच्या जेवणावरून मी सिद्धान्त मांडणार नाही. नीट शिजवूनही या अळमीने लोक आजारी पडतात. काकी रस्साच जेवल्या होत्या.

मातीने दगा का दिला

आता काकींच्या प्रश्नाकडे. माती रोयणीचीच होती, मग अळमी दुसऱ्याची का आली?

रोयणीच्या अळमीचं मातीशी तसं काही नातं नाही. वाळवीच्या या जाती लाकूड-पालापाचोळा खातात, पण तो स्वतःला पचत नाही. कामकरी वाळवी तो चावून, पोटातून पार करून, विष्ठेच्या रूपात जमिनीखालच्या कप्प्यांत रचते. स्पंजसारखा, अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा गोळा तयार होतो. त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढते, ती लाकूड सोपं करते, आणि वाळवी मग तो गोळाच खाते. ही शेतीच आहे, आणि ती माणसाच्या शेतीपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुनी आहे. पावसाळ्यात ही बुरशी त्या गोळ्यातून शेपूट वर ढकलत, टोकदार डोक्याने कडक माती फोडत बाहेर येते. तीच आपली अळमी. टोक टोचतं ते त्यासाठी. शेपूट हातभर असतं ते त्यासाठी.

या बागेची राखण वाळवी सतत करत असते. वाळवी नसली की दुसऱ्या बुरश्या काही दिवसांत त्या गोळ्यावर चढतात आणि टर्मिटोमायसिस संपते. माणसाला म्हणूनच या अळमीची धिंगरीसारखी शेती अजून साधलेली नाही. जेसीबीने रोयण फोडली तेव्हा राणी गेली, बाग गेली. अंगणात पसरली ती फक्त घराच्या भिंतींची माती. तिच्यात अळमीचं बी शिल्लक असेल असं समजणं म्हणजे पडक्या घराची माती पसरून त्यात घरातली माणसं उगवतील असं समजण्यासारखं.

आणि वर दोन ट्रॉल्या शेणखत. क्लोरोफायलमला हवं तेच. कुजणारं सेंद्रिय खत, गवत, ऊब, पाऊस. जगभरातल्या उबदार प्रदेशांत ती लॉनवर येते, आणि बऱ्याचदा गोलातच, कारण जमिनीखालचं तिचं जाळं मधून बाहेर पसरत जातं. उत्तर अमेरिकेत अळमीच्या विषबाधेच्या ज्या घटना नोंदल्या जातात त्यांत हिचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येतं. ह्यूस्टनला किंवा अटलांटाला राहणाऱ्या आपल्या लोकांच्या दारातही पावसानंतर ती उभी राहते, आणि गावाकडची अळमी आठवून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता मर्म. काकींना अळमी ओळखता येत नव्हती, असं गावातल्या शहाण्यांनी नंतर ठरवून टाकलं. मला ते मान्य नाही. काकींना जागा ओळखता येत होती, आणि चाळीस-पन्नास वर्षं ती ओळख पुरेशी होती. अमुक रोयण, अमुक नक्षत्र, ऊन-पावसाचे दोन-चार दिवस, मग अमुक बाजूला उगवणार. तेवढ्या अटी पुऱ्या झाल्या की तिथे दुसरं काही उगवण्याची शक्यताच फार थोडी. छत्री उलटी करून पापुद्रे बघायची, बुडापर्यंत उकरायची गरज त्यांना कधी पडलीच नाही. उलट बूड उकरणं वाईट, पुढच्या वर्षी येणार नाही, असंच त्यांच्या सासूने शिकवलेलं. आमच्याकडची अळमीची विद्या ही बहुतांशी ठिकाणांची विद्या आहे. ती मुलगी-सुनेला सांगितली जाते, शेजारणीला नाही. तिच्यात अळमीच्या शरीराचं वर्णन थोडं आणि पायवाटांचं वर्णन फार. जेसीबीने ती जागाच उचलून दुसरीकडे नेली, आणि विद्या जुन्या पत्त्यावर गेली.

माणूस जागा सोडून जातो तेव्हाही हेच होतं. जानेवारी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे दोन माणसं दगावली, नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणातल्या अळमीने. त्यांतला एक चिनी स्वयंपाकी होता. पूर्व आणि आग्नेय आशियातून गेलेले लोक भाताच्या पेंढ्यावरच्या अळमीसारखी म्हणून अमानिटा फॅलॉइडिस काढतात, हे तिकडच्या डॉक्टरांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. पेंढ्यावरची अळमी कोवळेपणी अंड्यासारख्या पिशवीत असते, अमानिटाही तशीच. मायदेशी ती पारख चालत होती. युरोपातून ओकची झाडं आणली गेली आणि त्यांच्या मुळांबरोबर ही अमानिटाही आली, ते त्या पारखीला माहीत नव्हतं.

आपल्या देशात याहून जास्त माणसं गेली आहेत. एप्रिल २०२२ मध्ये आसामात, दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात, रानातली अळमी खाऊन आलेली १३ माणसं काही दिवसांत दगावली. बहुतेक चहाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या घरची. आमच्याकडच्या चौघांना सलाइनवर भागलं, यात आमचं कर्तृत्व काही नाही. लॉनवर क्लोरोफायलम उगवली, दुसरं काही उगवलं नाही, एवढंच.

चांदीचं नाणं वगैरे

रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो त्या दोन दिवसांत मला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बऱ्याच कसोट्या सांगितल्या. रश्श्यात चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका. तांदूळ टाका, लाल झाला तर फेका. किड्याने खाल्लेली असेल तर बिनधास्त खा. अंगठी असेल तर विषारी. यांतली एकही कसोटी टिकत नाही. अमाटॉक्सिन चांदीला काही करत नाही. गोगलगाय अमानिटा खाऊन मजेत चालती होते. अंगठीचं म्हणाल तर टर्मिटोमायसिस हायमी ही आपल्याकडची खाण्याची उत्तम अळमी, तिच्या देठावर जाड अंगठी असतेच. अंगठीवरून निकाल लावणारा चांगली फेकून देईल, आणि अंगठी गळून गेलेली वाईट खाईल.

काकींनी नाणं टाकलं होतं, बरं का. सासूचं, जुनं. रस्सा उकळताना. ते पांढरं शुभ्र बाहेर आलं.

मुलाने फोनवरच्या ॲपलाही विचारलं होतं. ॲपने वरून काढलेला फोटो बघून युरोपातल्या एका खाण्याच्या छत्रीचं नाव पहिल्या क्रमांकावर दिलं, क्लोरोफायलम दुसऱ्या. त्याने दुसरं नाव वाचलं नाही. मी त्याला बोललो नाही, कारण मीही वरून काढलेल्या फोटोवरूनच निकाल दिला होता. मी तर तीन फूट लांबची टोपली बघून. आता कुणी नुसता फोटो पाठवला तर मी उत्तरच देत नाही. पापुद्रे, पूर्ण बूड, आणि उगवलेली जागा, तीनही दाखवा म्हणतो. टोपली असेल तर एकेक अळमी वेगळी मांडा म्हणतो. लोकांना ते शिष्टपणाचं वाटतं. वाटू दे.

मला विचारलं तर, रोयणीच्या अळमीपुरता, मी एकाच खुणेवर सगळ्यांत जास्त भरवसा ठेवतो : शेपूट. जिवंत रोयण, तिच्यातून निघालेलं न संपणारं शेपूट, आणि वर टोचणारं टोक. ही तीन एकत्र सापडली तर मी ती अळमी खातो. पण शेपूट बघायला प्रत्येक अळमी उकरायची नाही, कारण खालची बाग मोडते. रोयणीमागे एक उकरून बघायची आणि माती परत नीट दाबायची. बाकीची जमिनीलगत कापायची, आणि दोन-चार उमलून बीजाणू सोडायला ठेवायची. यातल्या बऱ्याच वाळव्या नवं वारूळ करताना बुरशीचं बी बाहेरूनच मिळवतात. सगळ्या कळ्याच खुडून बाजारात गेल्या तर ते येणार कुठून? गोव्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधून शेकड्याने विकली जातात त्यांत कळ्याच जास्त असतात. अभयारण्यांतून ती काढायला तिथे बंदी आहे. तरी येतात.

काचेवरचा तो हिरवा ठसा मी काकींना दाखवायला घेऊन गेलो होतो. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. काच हातात घेऊन उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली. "ह्या हिरवा कसा काय झाला? पांढरीच होती मा ती?" मी त्यांना गुलाबी ठशाची काच दिली. दोन्ही काचा त्यांनी शेजारीशेजारी ठेवल्या आणि सुनेला हाक मारली. सुनेला त्यांनी त्या दिवशी काजूच्या बागेतली जागा सांगितली. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर.

मुलाने लॉनवर बुरशीनाशक मारलं. उपयोग झाला नाही. जाळं खाली शेणखतात आहे आणि ते खत संपेपर्यंत राहणार. पुढच्या पावसाळ्यात गोल आणखी फूटभर मोठा झाला. काकी सकाळी उठल्या की शाळेची पोरं त्या वाटेने जायच्या आधी काठीने त्या छत्र्या उलथतात, पापुद्रे बघतात, आणि माडाच्या खड्ड्यात पुरतात.